त्याच्या वाटणीचं सूप

मालू, त्यांनी तोच फोटो लावलाय.

आपल्या हॉलसमोर, रस्त्यापलीकडे, बांधकामाचं निळं कुंपण उभं केलंय ना, त्यावर. बसमधून उतरलं की आधी तूच दिसतेस, माणसाच्या दुप्पट उंचीची. हातात डाव, समोर वाडगा आणि चेहऱ्यावर ते 'अजून थोडं घे' म्हणतानाचं हसू. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय की आमच्या परिसराचं पोट भरल्याबद्दल, मालती, तुझे आभार. कोपऱ्यात कंपनीचा लोगो, हिरव्या पानाचा. तुझ्या उजव्या बाजूला लाल स्वेटरमधलं एक कोपर तेवढं आलंय. ते ग्लॅडिसचं. बाकीची ग्लॅडिस त्यांनी कापून टाकली.

मी बसस्टॉपवर उभी राहून ते पाहिलं आणि मला खरोखर मळमळलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, असं आपण नुसतं म्हणतो. हे त्या लोण्याची जाहिरात करणारे निघाले. आणि म्हणे 'आमच्या' परिसराचं! ज्या हॉलमध्ये तू ते सूप वाढत होतीस तो पाडून वर फ्लॅट बांधायला निघालेली कंपनी ती. त्यांचा परिसर कधीपासून झाला हा?

अविनाश म्हणाला, तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिही. तुझ्या नवऱ्याचं मन मला मोडवत नाही. पण चांगले शब्द गेल्या महिन्याभरात इतक्या जणांनी इतक्या ठिकाणी वापरलेत की मला ते हातात धरवत नाहीत. म्हणून चारचौघांसाठी न लिहिता तुलाच लिहितेय. तू वाचणार नाहीस हे मला माहीत आहे. जिवंत असतानाही माझे लांबलचक मेसेज तू वाचत नव्हतीस, शेवटची ओळ बघून अंगठा पाठवायचीस.

आपलं या हॉलमधलं केंद्र म्हणजे नेमकं काय, हे मला पुण्यातल्या नातेवाइकांना कधी धड सांगता आलं नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या दोन मराठी बायका कोलंबिया, बोलिव्हिया, एक्वादोरहून आलेल्या लोकांच्या मागे का धावतात, हा त्यांचा प्रश्न. तुझं उत्तर सोपं होतं. तुला स्पॅनिश येत होतं. पुण्यात हौसेनं शिकलेलं, लग्नाच्या बायोडेटात 'छंद' या सदरात टाकलेलं स्पॅनिश. अविनाशच्या नोकरीमुळे तू इथे आलीस, घरात बसून कंटाळलीस आणि डॉक्टरकडे दुभाषी म्हणून जायला लागलीस. तिथे तुला ग्लॅडिस भेटली. उजाडायच्या आत सिटीतली ऑफिसं साफ करून, हात सुजलेले घेऊन आलेली. तिला डॉक्टरांचं म्हणणं समजावून सांगितलंस, मग तिच्याबरोबर हॉलवर आलीस आणि परत घरी गेलीच नाहीस म्हटलं तरी चालेल. काही वर्षांनी केंद्र तूच चालवत होतीस. मला तू कमिटीवर ओढलंस, कारण मी बँकेत रिस्कचं काम करते. माणसं वाईटात वाईट काय करतील याचा अंदाज बांधण्याचा मला पगार मिळतो. 'असं एक माणूस हवंच गं आपल्याकडे,' तू म्हणाली होतीस. पुढे माझा एकही अंदाज ऐकला नाहीस ते सोड.

दारातून येणाऱ्याला आधी सूप. हा तुझा नियम. नाव विचारायचं नाही, देश विचारायचा नाही, घरमालकानं हाकललंय की मालकानं पगार बुडवलाय की नुसतंच एकटं वाटतंय म्हणून आलंय, काही काही विचारायचं नाही. वाडगा समोर ठेवायचा आणि म्हणायचं, 'जेव.' तो शब्द तू मराठीतच ठेवलास. अख्खा हॉल तो शिकला. ग्लॅडिस तर नव्या माणसाला खुर्ची ओढून सांगायची, 'प्रिमेरो, जेव.' आधी जेव. बोलिव्हियातल्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकला की मला हसू यायचं, मग सवय झाली.

मी कुरकुर करायचे. सल्ला द्यायला वकीलबाई दोनच तास येतात, बाहेर रांग लागते आणि तू आत पंगत मांडून बसतेस. तू म्हणालीस, 'उपाशी माणूस खोटं बोलतो गं, आणि जेवलेला माणूस रडतो. मला रडणारा चालेल.' भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाही, हे तर तू इतकं पाळायचीस की एकदा आगीचा अलार्म वाजला तेव्हा सगळ्यांना वाडग्यासकट बाहेर काढलंस. फुटपाथवर ओळीनं माणसं उभी, हातात वाडगे, सूप पिताहेत. फायर ब्रिगेडवाले आले, आग नव्हतीच, तर त्यांनाही दिलंस. तो प्रसंग मी अजून ऑफिसात सांगते.

आणि एकदा मलाही वाढलंस तू. पुण्यात माझी आई गेली आणि मला वेळेत पोचता आलं नाही, तेव्हा. घरी बसवेना म्हणून मी हॉलवर आले. तुला कळलं होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही. तू काही विचारलं नाहीस. खुर्ची ओढलीस, वाडगा ठेवलास आणि माझ्याकडे पाठ करून कांदा चिरत उभी राहिलीस. मी जेवले आणि मग रडले, अगदी तुझ्या नियमाप्रमाणे. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. आता मानते. मनापासून मानते, मालू, आणि आता ऐकायला तू नाहीस म्हणून मला तुझाही राग येतो.

आता आपल्या मराठी मंडळाचं सांगते. तू हसशील.

तू मंडळ सोडलंस त्या गणपतीला मी तिथेच होते. ग्लॅडिसला तू पाहुणी म्हणून आणलं होतंस. तिनं तिचा ठेवणीतला लाल स्वेटर घातला होता, केसांत फूल होतं. प्रसादाच्या रांगेत ती उभी होती आणि आपल्या एका भगिनीनं, पैठणी नेसलेल्या, तिच्या हातात कचऱ्याची काळी पिशवी दिली. 'द बिन्स आर आऊटसाइड, लव्ह,' असं म्हणाली, अगदी गोड आवाजात. शाळेच्या हॉलची सफाई करणारी बाई समजली तिला. ग्लॅडिसनं पिशवी घेतली, बाहेर नेऊन टाकली, हात धुतले आणि परत रांगेत येऊन उभी राहिली. तू त्या बाईला काही बोलली नाहीस. ग्लॅडिसचा प्रसाद घेतलास, तिला घेऊन गेलीस आणि पुन्हा कधी आली नाहीस. नंतर मंडळात चर्चा अशी की मालतीला फार अ‍ॅटिट्यूड आलाय, त्या लोकांत राहून. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

तर त्या मंडळानं तुझी शोकसभा घेतली. घेतलीच. हार घातलेला फोटो, समई, मागे स्लाइड शो. अध्यक्षांनी तुला महाराष्ट्राची लेक म्हटलं. सातासमुद्रापार परक्या लोकांचे अश्रू पुसणारी, वगैरे. त्या अध्यक्षांनी तुझ्या केंद्राची पायरी कधी चढली नव्हती. मग पैठणीवाल्या भगिनी उठल्या. या वेळी पांढरी साडी. माइक हातात घेऊन हुंदके देत त्यांनी सांगितलं की मालूनं दिवाळीला आणलेल्या एम्पानाडाची चव त्या विसरू शकत नाहीत. तुला आठवतंय ना, करंज्यांसारखे, मटकीची उसळ भरून केले होतेस, आणि याच बाईंनी विचारलं होतं की यात अंडं तर नाही ना, आणि मग न खाता नॅपकिनखाली सरकवले होते?

मला बोलायला सांगितलं. मी उठले. मी म्हणाले, 'मालती या मंडळात शेवटची आली त्या दिवशी तिच्या पाहुणीच्या हातात इथे कचऱ्याची पिशवी दिली गेली. ती पाहुणी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण होती. तिला आज कुणी बोलावलेलं नाही.' आणि बसले. त्यानंतर दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती वेळेआधीच सुरू झाली. पार्किंगमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले की वहिनी, ही काय वेळ होती का? मी म्हटलं, मग कुठली? त्यांनी गाडीचा दरवाजा लावून घेतला.

तरी मंडळाचं मी एक वेळ समजू शकते. ते आपलेच आहेत. आपल्याच लोकांची घाण आपल्याला ओळखीची असते. पण ऑलिव्हर!

ऑलिव्हर कोण हे तुला सांगायला नको, पण त्याची मला वाटणारी किळस तुला कधी पटली नाही, म्हणून पुन्हा सांगते. कंपनीचा 'कम्युनिटी' बघणारा माणूस. सुती शर्ट, सायकल, मऊ आवाज. हॉल आणि मागची अख्खी गल्ली त्यांनी विकत घेतल्यावर पहिल्यांदा मोजमाप करायला आले तेव्हा त्यांची दोन माणसं टेप घेऊन भिंती मोजत होती आणि हा आपल्याशी बोलत होता. जेवणाची वेळ होती. तू टेप धरलेल्या माणसांना थांबवलंस, खुर्च्या दिल्यास आणि वाढलंस. ऑलिव्हरनं दोनदा घेतलं. बरोबरच्या मुलीनं फोनवर फोटो काढले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या पगाराचा सगळा अनुभव मला सांगत होता की हे फोटो जेवणाचे नाहीत.

ते गेल्यावर आपण भांडलो. तू पातेलं घासत होतीस.

'कशाला वाढलंस त्यांना?' मी म्हटलं.

'जेवायच्या वेळेला आले होते. दारात उभं ठेवू?'

'हो. ते आपल्याला रस्त्यावर उभं करायला आलेत.'

'रेखा, माणूस बघून वाढायला लागले ना मी, तर त्या पिशवीवाल्या बाईत आणि माझ्यात काय फरक उरला?'

'त्या बाईनं पाहुणीला हाकललं. हे पाहुणे नाहीत, मालू.'

'आपल्या दारात आला तो पाहुणा. पुढचं त्याचं त्याच्यापाशी.'

पुढचं त्याचं त्याच्यापाशी राहिलं नाही. काही आठवड्यांत त्यांचं गुळगुळीत पुस्तक आलं, घरोघरी वाटलेलं. त्यात तू होतीस, ऑलिव्हर होता, वाडगे होते, आणि खाली लिहिलं होतं की केंद्राच्या मंडळींनी नव्या योजनेचं स्वागत जेवण देऊन केलं. खाल्ल्या मिठाला जागणं राहू दे, यांनी मिठाचीच साक्ष काढली. आपल्याच मिठाची, आपल्याचविरुद्ध. आपले लोक ते पुस्तक घेऊन हॉलवर आले. एक कोलंबियन आजोबा, तुझ्या नावाआधी मारिया जोडणारे, तुला विचारत होते की मारिया मालती, हे खरं का? तू सही दिलीस का? तू त्यांना बसवलंस, आधी सूप दिलंस आणि मग सगळं समजावलंस. संध्याकाळी मी तुझ्यासमोर ते पान उघडून धरलं. तू बराच वेळ बघितलंस. मला वाटलं, आता पेटेल ही. तू म्हणालीस, 'सूप पातळ दिसतंय फोटोत.'

आणि दुसऱ्यांदा ते आले तेव्हा पुन्हा वाढलंस. दुसऱ्यांदा! ऑलिव्हर म्हणाला, मालती, यू आर अ लेजंड. तू हसलीस. त्या हसण्यावरून आपण फोनवर भांडलो ते शेवटचं. तू म्हणालीस की माझ्यासारखी माणसं तिजोरी राखायला बरी, स्वयंपाकघर नाही. मी म्हणाले की तुझ्यासारखी माणसं दोन्ही घालवतात. पुढच्या मंगळवारी तुझ्या मेंदूत रक्तस्राव झाला. सगळे मला म्हणतात, तुला त्याची टोचणी लागली असेल. नाही लागली. मी बरोबर होते. तू असतीस तर आपण परवाही त्याच विषयावर भांडलो असतो आणि मध्येच तू विचारलं असतंस की वांगी कुठून आणलीस. मला टोचणी नाही लागलेली. मला भांडायला माणूस उरलेलं नाही.

तुझ्या अंत्यविधीला ऑलिव्हर आला होता. काळा टाय लावून. क्रेमेटोरियमला आपल्याला अर्धा तास मिळाला होता. बाहेर पुढची मंडळी थांबली होती आणि आतले आपले लोक शोक करतानाही घड्याळ बघत होते. तू असतीस तर त्या बाहेरच्या अनोळखी लोकांना काहीतरी खायला नेऊन दिलं असतंस, हे माझ्या डोक्यात आलं आणि मला हसू फुटलं, तेव्हा तो वळून माझ्याकडे सहानुभूतीनं बघत होता. ग्लॅडिसच्या शेजारीच बसला होता. तिला टिश्यू दिला त्यानं. आठवड्याच्या आत तिला फोटोतून कापली.

आता अविनाश. मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं चहा केला, सवयीनं तीन कप. मग एक कप तसाच ओट्यावर ठेवून दिला. म्हणाला, 'कंपनीच्या त्या मुलाचा फोन आला होता. व्हेरी डीसेंट ऑफ हिम, अ‍ॅक्च्युअली. नव्या बिल्डिंगमध्ये ग्राउंड फ्लोअरला कॅफे होणार आहे. त्याला तिचं नाव द्यायचं म्हणतात. मालतीज किचन.'

मी माझा कप खाली ठेवला.

'कुठेतरी तिचं नाव राहील गं,' तो म्हणाला.

मालू, मला त्या क्षणी ऑलिव्हरच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि अविनाशला जवळ घ्यावंसं वाटलं. त्याला नीट माहीत नव्हतं म्हणून मी सांगितलं. तुला माहीत असलेलंच. केंद्राला नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली देणार आहेत. त्या खोलीत टी पॉइंट आहे, म्हणजे सिंक आणि किटली. शेगडी नाही, कारण वरच्या फ्लॅटमध्ये वास जाईल. वासाचा प्रश्न, असं सभ्य भाषेत लिहिलंय. ती खोली घ्यायची आणि त्या बदल्यात केंद्रानं प्लॅनिंगला, म्हणजे बांधकामाच्या परवानगीला, घेतलेली हरकत मागे घ्यायची. हे आधीचं. तू गेल्यावर त्यात तुझं नाव आलं. कॅफेला तुझं नाव लागलं की हरकत कोण घेणार?

'म्हणजे ग्लॅडिसला तिथे सूप करता येणार नाही?' अविनाशनं विचारलं.

'नाही.'

'मग मालतीज किचनमध्ये कोण करणार?'

'कुठल्यातरी चेनचं दुकान असेल.'

तो ओट्यावरच्या तिसऱ्या कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, 'नाही म्हटलं तर?'

'तर ती खोलीही मिळणार नाही कदाचित. हरकत टिकली तर स्वयंपाकघर मिळेल. नाही टिकली तर रस्ता.'

'मला आवडलं असतं गं तिचं नाव भिंतीवर बघायला,' तो म्हणाला. 'रोज जाऊन बसलो असतो तिथे. तू त्यांना 'नाही' म्हणणार असशील तर लवकर म्हण. नाहीतर तो परत फोन करेल आणि मी हो म्हणून बसेन.'

त्याच्यावर मला जराही राग आला नाही. कंपनीला मात्र बरोबर कळलं होतं की दार कुठलं सैल आहे. नवीन विधुराचं. कुणीतरी मीटिंगमध्ये बसून हे ठरवलं असेल, बिस्किटं खात. सेन्सिटिव्हली अप्रोच करू या, असं म्हणालं असेल.

कमिटीला मी सगळं सांगितलं. तुझ्या जागी सध्या मला बसवलंय. बोलणं फार झालं नाही. ग्लॅडिसनं विचारलं, शेगडी आहे का? नाही म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि बाकीच्यांनीही.

उत्तर घ्यायला ऑलिव्हर काल आला. जेवणाच्या वेळी. आपणहून, बिनफोनाचा, तुझ्या हॉलमध्ये ताट मांडलेलं असताना. तुझ्या फोटोखालून चालत आला असणार. नवीन सहा-सात माणसं होती, एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन. ग्लॅडिस आत पातेल्याशी होती आणि वाढायला मी उभी होते, तुझा तो वाकडा डाव घेऊन. ऑलिव्हर रांगेत उभा राहिला. सगळ्यांसारखा. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं वाडगा पुढे केला, डोकं जरा कलतं करून हसला आणि म्हणाला, 'मालतीची फार आठवण येते इथे. जेवता जेवता बोलू या का?'

मालू, वाडगा माझ्यासमोर होता. पातेल्यात पुष्कळ होतं. मला तुझा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, पुढचं त्याचं त्याच्यापाशी. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ, मऊ हात.

'तुला माझी दोन उत्तरं आहेत,' मी म्हटलं. 'तिचं नाव मिळणार नाही. आणि सूपही नाही.'

तो हसतच राहिला, त्याला नीट कळलं नसावं. मी त्याच्या हातातून वाडगा काढून घेतला आणि मागच्या बाईला भरून दिला. इतकी वर्षं या दारातून उपाशी कुणी गेलं नव्हतं. तो पहिला. तो म्हणाला, आय अंडरस्टँड यू आर ग्रीव्हिंग. मी म्हटलं, नो, आय अ‍ॅम डिसगस्टेड. पुढे माझं इंग्रजी संपलं, आणि मराठी त्याच्यावर वाया घालवायची नव्हती. तो गेला.

ग्लॅडिस त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. भांडी घासताना नाही, टेबलं पुसताना नाही. नेहमी आपण गाणी लावतो तीही तिनं लावली नाहीत. तू जशी अबोला धरायचीस तशीच, पाठ जरा जास्त ताठ करून. निघताना तिनं माझ्या हातात एक डबा दिला, झाकण घट्ट लावलेला, अजून कोमट. 'एस दे एल,' म्हणाली. त्याचं आहे. आणि मग, माझ्याकडे न बघता, 'जेव.'

रात्रभर तो फ्रिजमध्ये होता. आज दुपारी, घरून काम करता करता, मी तो बाहेर काढला. टाकून देणार होते. झाकण उघडून सिंकपर्यंत गेलेही. पण अन्न टाकलेलं तुला चालायचं नाही. म्हणून गरम केलं. मका, बटाटा, वर बारीक कोथिंबीर, तुझ्या आग्रहामुळे ती आता बोलिव्हियातल्या कोचाबांबाच्या सूपमध्येही पडते. उभ्यानंच खायला लागले. मग खुर्ची ओढून बसले, कारण उभ्यानं खाल्लेलंही तुला चालायचं नाही.

सूप चांगलं झालं होतं, मालू. तुझ्यापेक्षा ग्लॅडिस मीठ बेतानं घालते. मी ते पूर्ण संपवलं आणि संपल्यावर रडले, तू म्हणायचीस तशी. पण ते त्याला मिळालं नाही, याचं मला जेवल्यानंतरही बरंच वाटतंय. आता भांड माझ्याशी.